एका सेकंदाची मुदत

३ ऑक्टोबर, शुक्रवार

पोहोचले एकदाची! हॅलिफॅक्सहून बसने पाच तास आणि उरलेली वाट डंकन नावाच्या शेजाऱ्याच्या ट्रकमधून. एफी दारातच उभी होती. कमरेला एप्रन, दोन्ही हात पिठाचे. ते पुसायच्या आधीच तिनं मला मिठी मारली. माझ्या निळ्या कोटाच्या पाठीवर तिचे दोन पांढरे पंजे उमटले आहेत. कोट खुंटीला लावलाय, पण ते झटकायचं मनात येत नाही.

"सेडे, काय म्हातारी झालीस गं तू!" हे तिचं स्वागत. मी म्हटलं, तुला दिसतंय कुठे? त्यावर दोघी इतक्या हसलो, की डंकन माझी बॅग हातात धरून तसाच ताटकळत राहिला.

एफीची नजर खरंच अधू झाली आहे. म्हणून तर मी आले. पत्रात तिनं लिहिलं होतं की एकटीनं राहवत नाही, आणि घर सोडवत नाही. मीही नोकरीतून मोकळी झालेली. आता दोघी इथंच राहायचं, समुद्राकडे बघत म्हातारं व्हायचं, असं ठरलं आहे.

तिचा सगळा दिवस स्वयंपाकघरातच जातो. छत फिकट हिरवं. एफीच्या खुर्चीमागच्या भिंतीवर अगदी वर सेंट ॲनची तसबीर, तिच्या चौकटीत खोचलेली, ईस्टरआधीच्या झावळ्यांच्या रविवारची वाळकी झावळी. शेजारी गोल घड्याळ. कपाटाच्या डोक्यावर तिच्या आईचा, पाण्याचा निळा जग. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला, या सगळ्याकडे तोंड करून, तिचा लॅपटॉप.

तोच आजारी आहे. अल्बर्टातल्या लेकीशी, कॅट्रिओनाशी, बोलता बोलता पडदा काळा होतो. १९ तारखेला नातीचा बाप्तिस्मा आहे. तिचं नावही आजीचंच ठेवणार आहेत, युफेमिया; एफी हे त्याचंच लाडाचं रूप. विमानानं जायला डॉक्टरांची परवानगी नाही, त्यामुळे एफी तो सोहळा इथूनच बघणार. "तू बावीस वर्षं लोकांचे कॉम्प्युटर फोनवरून बरे केलेस. माझा समोर बसून कर," म्हणाली.

केला म्हणून समज.

५ ऑक्टोबर, रविवार

चर्चमधल्या मिसाहून आल्यावर कॅट्रिओनाचा फोन आला. बाळ पडद्यावर आलं. एफी नाक काचेला लागेल इतकी पुढे झुकली, आणि पडदा काळा. क्षणात परत आला. कोपऱ्यात सूचना, की चित्राचा ड्रायव्हर थांबला होता, आता पूर्ववत झाला आहे. पुन्हा काळा. पुन्हा परत. तासाभरात अकरा वेळा.

ड्रायव्हर म्हणजे यंत्र आणि पडदा यांच्यामधला दुभाषा. दुभाषा अडखळला की यंत्र जरा वेळ वाट बघतं, मग त्याला हाकलून नव्यानं बोलावतं. तेवढ्यात पडदा काळा होतो. नेहमीची तक्रार आहे ही, माझ्या हातून अशा शेकडो गेल्या असतील.

एक गंमत दिसली. काळा होण्याआधी पडद्याच्या अगदी वरच्या काठाला एक बारीक पट्टी चमकते. फिकट हिरवी. जुन्या चित्राचा उरलेला तुकडा असणार. चित्राची स्मृती कच्ची असते. वीज आहे तोवर तिच्यात काहीबाही शिल्लक राहतं, वीज तोडली की सगळं पुसलं जातं.

नोकरीतला नियम इथंही पाळणार आहे. एका वेळी एकच बदल, आणि तो लिहून ठेवायचा. म्हणजे ही वही आता रोजनिशीही आणि केसपेपरही.

६ ऑक्टोबर, सोमवार

पहिला बदल: झाकण उघडून पंख्यातली धूळ काढली. एका मांजराएवढी निघाली. फरक नाही.

दुसरा: नवा ड्रायव्हर घातला. फरक नाही.

तिसऱ्याला हात घालण्याआधी आतल्या नोंदी चाळल्या, आणि एक विचित्र गोष्ट सापडली. दुभाषा अडखळल्यावर किती वेळ वाट बघायची याची एक मुदत ठरलेली असते. कंपनीतून येते ती दोन सेकंदांची. इथं कुणीतरी ती मुद्दाम एका सेकंदावर आणून ठेवली आहे. ही जागा इतकी खोल आहे, की चुकून कुणाचा हात तिथं जाणं शक्य नाही.

एफीला विचारलं, याला कोण हात लावतं? म्हणाली, डंकनच फक्त. दर पंधरा दिवसांनी बिचारा लाकडं टाकायला येतो, तेव्हा बघून जातो. "आमच्या गावात चार डंकन. हा तार डंकन. जन्मभर विजेच्या खांबांवर चढला."

खांबावर चढणाऱ्याला हे कसं ठाऊक? आणि दुरुस्त करायला आलेला माणूस मुदत कमी कशाला करेल?

तिसरा बदल: मुदत पुन्हा दोन सेकंद.

७ ऑक्टोबर, मंगळवार

डंकन आला. लाकडं अजून ट्रकमध्येच, आणि पहिला प्रश्न लॅपटॉपचा. चालतोय का? कुणी काही बदललं का? मी सांगितलं. त्याचा चेहरा उतरला. मी बदल मागं फिरवावा म्हणून पाठीस लागला. का, ते मात्र सांगेना.

"बाई, फ्यूज उडतो तो उगाच नाही उडत. तो उडतो म्हणून जाड तार घालून ठेवणारे मी पाहिलेत. त्यांची घरंही पाहिलीत, नंतर."

मी म्हटलं, हा फ्यूज नाही, आणि बावीस वर्षं हेच माझं काम होतं. तो जाताना भिंतीकडे बघत होता. एक एक वस्तू मोजावी तसा, वरून खाली.

मला हा माणूस आवडलेला नाही.

८ ऑक्टोबर, बुधवार

आम्ही दोघी लहानपणी ज्या कॉन्व्हेंटच्या वसतिगृहात होतो, तिथल्या आठवणी काढत बसलो होतो. न्हाणीघराबाहेर सिस्टर क्लेमेंशियानं टांगलेला तो तळहाताएवढा आरसा. आम्ही वीस मुली रांगेत, आणि प्रत्येकीला दोन आकडे. सिस्टर चुटक्या वाजवत आकडे मोजायची, एक, दोन, सरक पुढे. एफी एकदा तीनपर्यंत थांबली तर सिस्टरनं तिला खांद्याला धरून ओढलं. "जास्त वेळ उभी राहिलीस तर आरशाला तू पाठ होशील!" तेव्हा आम्ही किती हसलो होतो पांघरुणात तोंड खुपसून.

आज सेंट ॲनच्या चौकटीतली झावळी दिसली नाही. खाली पडली असेल म्हणून शोधली. केरातही नाही.

लॅपटॉप: दोन सेकंदांनी काळा होण्याचं प्रमाण निम्म्यावर. वरची पट्टी मात्र रुंदावली आहे. हिरवं छत, खिडकीच्या पडद्याच्या दांडीचं टोक, आणि पिवळसर असं काहीतरी बारीक.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

चौथा बदल: जुना ड्रायव्हर मुळासकट काढून दोन वर्षांपूर्वीचा घातला. फरक नाही.

पाचवा: मुदत दहा सेकंद. यंत्राला जरा धीर धरायला शिकवलं की पुष्कळदा भागतं, हा माझा जुना अनुभव. आणि भागलं! अर्धा तास बाळ पडद्यावर होतं. फक्त तीनदा अडकलं आणि आपणहून सुटलं. एफीनं बाळाच्या हनुवटीवरची खळी पाहिली. रडली, मग मलाच ओरडली, की इतके दिवस कुठे होतीस.

एकच गोष्ट मनातून जात नाही. अडकतं तेव्हा बाळाच्या चित्रावर दुसरं चित्र उतरतं. वरून खाली, एकेक रेघ, कुणीतरी सावकाश विणत असल्यासारखं. आज दहा सेकंदांत दिसलं ते आमचं छत होतं. मग खिडकीच्या पडद्याची दांडी, सेंट ॲनच्या चौकटीची वरची पट्टी, कपाटाचं डोकं, निळ्या जगाचा काठ, कान, पोट.

म्हणजे लॅपटॉपचा डोळा आमचं स्वयंपाकघर टिपतो आहे. कुणासाठी? यात चोरून बघणारं काहीतरी घातलेलं आहे. आणि याला हात लावणारा माणूस एकच.

रोजच्यासारखा संध्याकाळी बंद करून ठेवला.

११ ऑक्टोबर, शनिवार

निळा जग नाही.

कपाटावर धुळीत त्याच्या बुडाचं गोल वर्तुळ आहे, जग नाही. तो एफीच्या आईचा. एफीनं मला अगदी हळू विचारलं, सेडे, आवरताना कुठे उचलून ठेवलास का? मी नाही म्हटलं. ती बरं म्हणाली. पण त्या बरंच्या आधी ती जरा थांबली होती.

काल दुपारी आम्ही तासभर चर्चच्या सभागृहात रजईच्या कामाला गेलो होतो. दार उघडंच. इथं कुणी कुलूप लावत नाही. डंकनचा ट्रक वळणावर उभा असलेला मी पाहिला होता.

आतल्या नोंदी दोन तास तपासल्या. चोरून बघणारं काहीही सापडलं नाही. एक तर तो फार हुशार आहे, नाहीतर मी म्हातारी झाले आहे.

१३ ऑक्टोबर, सोमवार

थँक्सगिव्हिंगचं, सुगीच्या सणाचं जेवण. एफीनं मला न विचारता डंकनला बोलावलं. टर्की छान झाली होती, माझ्या घशाखाली उतरली नाही. तो भिंतीसमोर बसला आणि त्यानं विचारलं, झावळी कुठे गेली? जग कुठे आहे? मी म्हटलं, तुम्हीच सांगा. एफीनं टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला.

तो चिडला नाही, हेच मला जास्त खटकलं. म्हणाला, मुदत किती आहे आता? मी सांगितलं नाही. मग म्हणाला, तो लॅपटॉप मला द्या, तुम्हाला नवा कोरा आणून देतो. एफी हसली. "अरे, यात बाळाचे सगळे फोटो आहेत, नवा घेऊन काय त्याला चाटू?" डंकन हसला नाही.

एवढा जुना लॅपटॉप त्याला का हवा आहे? त्यात त्याचं काय आहे?

एफीकडून एवढं कळलं की तो तिनं गेल्या वर्षी चर्चच्या जुन्या वस्तूंच्या बाजारातून आणला. आधी कुणाचा होता, ते तिला माहीत नाही.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

सहावा बदल: लॅपटॉपच्या डोळ्यावर जखमेची चिकटपट्टी लावली. दोन पदर. कॅट्रिओना म्हणाली, आई, तू दिसत नाहीस. म्हणजे डोळा पक्का झाकला गेला आहे.

मग अडकलं. आणि चित्र आलं. तेच स्वयंपाकघर. तोच कोन.

चिकटपट्टी मी बोटानं दाबून पाहिली. जागच्या जागी होती.

जुनं साठवलेलं चित्र असेल. पण त्यात टेबलावर आजचं वर्तमानपत्र—

नाही, वर्तमानपत्रापर्यंत चित्र उतरलंच नव्हतं. मला तसं वाटलं फक्त. घड्याळापर्यंत उतरलं होतं. त्यातले काटे अकरा वाजून सात मिनिटं दाखवत होते, आणि तेव्हा तेवढेच वाजले होते.

१५ ऑक्टोबर, बुधवार

घड्याळ गेलं. तसबीरही.

भिंतीचा कागद तिथं गोल आणि चौकोनी उजळ आहे. मी खुर्चीवर चढून पाहिलं. खिळे नाहीत. चोर एक वेळ खिळाही नेईल, पण खिळ्याचं भोक कसं नेईल? कागद सपाट आहे. बोट फिरवलं. भोक नाही.

दाराला आतून कडी लावते आहे. डंकनला फोन करून सांगितलं की लाकडं अंगणात टाका, आत येऊ नका. तो काही सांगू बघत होता, पेगी म्हणून कुणाचं नाव घेतलं. मी फोन ठेवला.

एफीला ते कळलं. प्रथमच भांडलो, पन्नास वर्षांत. ती म्हणाली, तू यायच्या आधी या भिंतीवरून काहीही नाहीसं झालं नव्हतं.

खरं आहे ते.

मी खोलीत जाऊन रडले. ती थोड्या वेळानं आली आणि ओटच्या वड्यांची बशी पलंगावर ठेवून गेली.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

बाप्तिस्म्याची तालीम म्हणून कॅट्रिओनानं तिकडच्या चर्चमधून फोन लावून पाहिला. तासभर चालायला हवं. त्यासाठी सातवा बदल: मुदत साठ सेकंद.

एकदाच अडकलं. पण साठ सेकंद पुरे. छत आलं, दांडी आली, उघडी भिंत आली, त्यावर ते दोन उजळ डाग. मग पांढरं, रेशमासारखं काहीतरी. एफीचे केस. मधला भांग. कपाळ. भुवयांपाशी आलं आणि मुदत संपली.

एफीनं डोळे बारीक करून पाहिलं. म्हणाली, "अगंबाई, माझा भांग वाकडाच आहे की!"

संध्याकाळी बंद करताना माझा हात बटणावर थांबला. का थांबला, ते कळलं नाही. मग दाबलं.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

सकाळी चहा घेताना मी सिस्टर क्लेमेंशियाचा विषय काढला. एफी म्हणाली, कोण?

मी आरसा सांगितला, रांग सांगितली, एक, दोन, सरक पुढे. ती सभ्यपणे ऐकत होती, परक्या बाईच्या लहानपणाची गोष्ट ऐकावी तशी. मग म्हणाली, तू कुठल्या शाळेत होतीस?

डॉक्टरांना फोन केला. म्हणाले, आमच्या वयाला असं होतं, सोमवारी घेऊन या.

दुपारी ती माझ्या कोटापाशी उभी होती. पाठीवरचे पिठाचे पंजे बघून विचारत होती, हे कुणी केलं?

एकाला एक जोडलं तर उत्तर निघतं. ते मी लिहिणार नाही. मी शिकलेली बाई आहे. लॅपटॉप आज सुरूच केलेला नाही.

१८ ऑक्टोबर, शनिवार

एफी बाळाचं नाव विसरली. तिचं स्वतःचंच नाव आहे ते.

कॅट्रिओनाचं अजून आठवतं. उद्या दोन वाजता काहीतरी आहे, हे आठवतं. सकाळपासून निळा ड्रेस घालून बसली आहे. उद्या आहे म्हणून चारदा सांगितलं.

दिवसभर विचार केला. लॅपटॉप समुद्रात टाकावा असं दहादा मनात आलं. पण परवा ती कुणाला ओळखणार आहे? उद्या नातीला पाहिलं नाही तर कधीच पाहणार नाही. तिनं माझ्याकडे एकच मागितलं होतं.

आणि डॉक्टर म्हणतात ते खरंही असेल. वय. फक्त वय.

मुदत एका सेकंदावर आणून पाहिली. मिनिटाला मिनिटाला काळं. बाळाचा चेहरा ओळखू येईना. एफी लहान मुलीसारखी रडली.

आठवा बदल: मुदत काढूनच टाकली. शून्य. आता यंत्र कितीही वेळ वाट बघेल. मध्येच तुटणार नाही.

अडकलं तर मी झाकण मिटेन. मी शेजारीच असणार.

१९ ऑक्टोबर, रविवार

सकाळचे अकरा. वारा वाढला आहे. समुद्र पांढरा. वादळ दुपारपर्यंत येईल असं रेडिओवर सांगितलं.

एक वाजून पन्नास मिनिटं. एफी जागेवर. निळा ड्रेस, गळ्यात आईची माळ. पडद्यावर चर्च स्वच्छ दिसतं आहे. एकदाही काळं झालेलं नाही. माझं काम चोख झालं आहे.

दोन वाजून वीस. अडकलं. आवाज चालू आहे, चित्र नाही. फादर प्रार्थना म्हणत आहेत आणि पडद्यावर आमचं छत उतरतं आहे.

झाकण मिटायला हात पुढे केला. एफीनं माझं मनगट धरलं. नको गं, ती येतेय, म्हणाली. तिला चित्रात बाळ दिसत होतं की काय, देव जाणे. पकड केवढी ती. मी सोडवते आहे— डाव्या हातानं लिहिते आहे—

केस. कपाळ. डोळे.

ती म्हणाली, अंधार का केलास?

ओठ. आता ती बोलत नाही.

पाणी ओतल्याचा आवाज आला. बाळ रडलं. फादर म्हणाले, युफेमिया, मी तुझा बाप्तिस्मा करतो—

मनगट मोकळं झालं.

खुर्ची रिकामी आहे.

अडीच. घरभर शोधलं. दाराला आतून कडी. मनगटावर तिच्या बोटांचे वळ आहेत.

ती पडद्यावर आहे. पूर्ण. निळा ड्रेस, माळ, मांडीवर हात. हलत नाही. पण बघते. मी इकडून तिकडे गेले की बघते.

कॅट्रिओनाच्या आवाजात "आई, पाहिलंस ना?" असं आलं. मी हो म्हटलं. आणखी काय म्हणणार?

पावणेतीन. दारावर धक्के. डंकन. कडी काढली. त्यानं खुर्ची पाहिली, पडदा पाहिला, आणि तो भिंतीला टेकून खाली बसला.

पेगी त्याची बायको. हा लॅपटॉप तिचा. तीन वर्षांपूर्वी डंकनही या काळ्या पडद्याला असाच वैतागला होता, कुणीतरी सांगितलं म्हणून त्यानंही मुदत वाढवली होती. पेगी विसरत गेली आणि एका दुपारी खुर्चीत नव्हती. गाव म्हणतं समुद्रात गेली. ती यात होती. त्याला बघत होती. तो घाबरला.

"मी प्लग उपटला, बाई. बॅटरी नव्हतीच त्यात. पडदा काळा झाला. परत सुरू केला, तर काही नव्हतं. नुसता हिरवा डोंगर, सुरुवातीला असतो तो."

मोडायचं धाडस झालं नाही, म्हणून कपाटात ठेवला. पुतणीनं घर आवरताना बाजारात दिला. एफीच्या टेबलावर दिसला तेव्हा त्यानं मुदत होईल तितकी कमी केली. कुणाला सांगणार? कोण ऐकणार?

मी ऐकलं नाही.

आणि दर संध्याकाळी मीच बंद करत आले. जग. घड्याळ. तिचं कपाळ. कॉन्व्हेंट. मीच पुसलं, एकेक.

तीन. वीज गेली. सगळ्या गावाची. बॅटरी मी नवी घातली होती, वहीत लिहायची राहिली, पण ती जेमतेम तासभर चालते.

डंकन जनरेटर आणायला गेला आहे. वाटेत झाडं पडली आहेत. काहीही झालं तरी बंद करू नका, म्हणाला. मी कशाला बंद करीन?

तीन वीस. ती पुसट होते आहे. कडेनं. मी लांब गेले की जास्त. तिच्या खुर्चीत बसून पाहिलं. ठळक झाली. उठले, पुसट. बसले.

बसूनच राहायला हवं.

तीन पस्तीस. पडद्यावर तिच्या शेजारी, वरून, एक रेघ. करडे केस. माझे केस.

उठता येतं मला. पाय मोकळे आहेत. कुणी धरलेलं नाही. हे मी मुद्दाम लिहून ठेवते. उठले तर ती जाईल.

एफे, दोन आकड्यांनंतर मी तुला ओढायला हवं होतं.

तीन चाळीस. ती जरा माझ्याकडे झुकली आहे. हसते आहे वाटतं. कपाळावर गार लागतं. दुखत नाही.

त्या सिस्टरचं नाव काय? आरसा होता. आम्ही दोघी पांघरुणात— कोण दोघी—

बॅटरी सतरा टक्के. ट्रकचा आवाज येतोय का? वाराच असेल.

खुंटीला निळा कोट आहे. पाठीवर पिठाचे हात. कुणाचे ते— फार जवळचे कुणाचे तरी—

डंकन नावाचा माणूस येईल. त्याच्यासाठी लिहिते. हे यंत्र बंद करू नका. आत कुणीतरी आहे. कोण, ते मी मागच्या पानांवर लिहिलं आहे. ती पानं वाचा. मला आता ती अक्षरं ला—

एक, दोन,